वसुबारसेच्या आठवडाभर आधी घरातल्या गोळ्या मोजा

गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी आम्ही गावी होतो, वाईच्या पुढे. अंघोळी आटोपल्या, फराळाची ताटं मांडली आणि सासूबाईंनी त्यांचा गोळ्यांचा स्टीलचा डबा उघडला तर बीपीच्या पट्टीत एकच गोळी. "आई, पुण्याहून निघताना सांगायचं ना!" तर म्हणाल्या, "तू भाजणीच्या गडबडीत होतीस, म्हटलं तिकडे मिळेलच की." नवरा तसाच नव्या कपड्यांत गाडी काढून तालुक्याला गेला, दोन मेडिकल बंद, तिसऱ्याचं शटर अर्धं वर, आत पूजेचे झेंडू अजून ओले. त्या दुकानदाराने पट्टी बघितली आणि म्हणाला साहेब ही संपलीय, आणि आता भाऊबीजेनंतरच, स्टॉकिस्टच बंद आहेत.

हे आपल्या डोक्यात येतच नाही. आपण विचार करतो मेडिकल उघडं असेल का, पण मेडिकलला माल देणारा होलसेलवाला लक्ष्मीपूजनाला वह्यापूजन करून तीनचार दिवस कुलूप लावून जातो, त्यामुळे दुकान उघडं असलं तरी रॅकवर असेल तेवढंच. एरवी "संध्याकाळी मागवून ठेवतो ताई" म्हणणारा माणूस त्या आठवड्यात काही करू शकत नाही. त्यात आपले नेहमीचे डॉक्टरही कोकणात नाहीतर केरळात गेलेले असतात, आणि नेमकी तेव्हाच थंडी पडायला लागते, पहाटे गार पाण्याचे शिंतोडे, फटाक्यांचा धूर, सगळ्या गावची माणसं एका घरात, त्यातल्या एकाला सर्दी असली की चौथ्या दिवशी सगळ्यांना.

तर मी आता काय करते ते सांगते. वसुबारसेच्या सातआठ दिवस आधी, चिवड्याचे पोहे आणायच्या दिवशीच समजा, घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्या टेबलावर ओतायच्या आणि मोजायच्या. हिशोब भाऊबीजेपर्यंत नाही, भाऊबीजेनंतर अजून पाच दिवसांचा, कारण डॉक्टर परत आले तरी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे जत्रा असते. पट्ट्या दहाच्या, चौदाच्या, पंधराच्या अशा काहीही असतात, त्यामुळे "दोन पट्ट्या आहेत" यावर विश्वास ठेवू नका, गोळ्या मोजा. बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करायची, फिटची, दम्याची, ही एक दिवसही चुकवायची नाहीत अशी औषधं, यांची खरेदी पहिली.

मोजताना एक बघा. मेडिकलवाला सुटी गोळी देताना पट्टी कापतो आणि एक्सपायरी छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. आमच्या डब्यात असे चार अनाथ तुकडे निघाले, एकावर फक्त "लेट्स" एवढंच, म्हणजे टॅब्लेट्सचं शेपूट, वाचता येत होतं. तेव्हापासून मी दुकानातच सांगते, तारखेची बाजू मला द्या, आणि घरी उलट्या टोकाने संपवायला सुरुवात करायची म्हणजे तारीख शेवटपर्यंत राहते. जे ओळखता येत नाही ते सरळ टाकून द्या.

दुसरं काम चिठ्ठीचं. ताजं प्रिस्क्रिप्शन घ्या आणि फोटो घरातल्या ग्रुपवर टाकून ठेवा, कागदाची फाइल नेमकी पुण्यात राहते. फोटोत ब्रँडच्या नावाखाली औषधाचं मूळ नाव आणि ताकद दिसली पाहिजे. आमच्या वेळी तेच कामाला आलं, त्या दुकानदाराकडे तो ब्रँड नव्हता पण त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पट्टी होती, डॉक्टरांना फोन लावला (लागला, नशीब) आणि त्यांनी हो म्हटल्यावर घेतली. पण शेपूट नीट वाचायचं हं. बीपीची टेल्मिसार्टन 40 वेगळी, टेल्मिसार्टन एएम वेगळी, एच लावलेली अजून वेगळी, एएमवालीत ॲम्लोडिपिन हे बीपीचं दुसरं औषध पण असतं आणि एचवालीत लघवी वाढवणारं औषध. शुगरच्या गोळ्यांना एसआर, एक्सआर असतं ते पण तसंच, ती गोळी हळूहळू विरघळणारी असते, तोडून किंवा चुरून द्यायची नाही. "सेमच आहे हो" असं दुकानदार म्हणाला तरी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून अक्षर न् अक्षर जुळवा.

इन्शुलिनवाल्यांसाठी वेगळी सूचना, कारण दिवाळीत फ्रिज म्हणजे एसटी स्टँड होतो. मिठाईचे बॉक्स, श्रीखंड, नारळाचा चव, सगळं कोंबताना इन्शुलिन मागे मागे ढकललं जातं आणि जिथे बर्फ धरतो तिथे जाऊन चिकटतं. एकदा गोठलेलं इन्शुलिन परत पातळ झालं तरी वापरायचं नाही, काम करत नाही नीट. न उघडलेलं 2 ते 8 डिग्रीत, म्हणजे दाराच्या कप्प्यात किंवा भाजीच्या ट्रेमध्ये डबीत घालून. वापरात असलेलं पेन बाहेर सावलीत चालतं, बहुतेक इन्शुलिनला उघडल्यापासून 28 दिवस, नक्की किती ते खोक्यावर असतं, उघडल्याची तारीख पेनवर चिकटवा. गावी नेताना थर्मासमध्ये न्या पण बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये रुमाल घाला.

दम्याचं तर दिवाळीशी वैरच आहे. पंप हलवून "आहे अजून" असं ठरवू नका, औषध संपल्यावरही आत गॅस राहतो आणि फुसफुस आवाज येतो. काउंटर असेल तर आकडा बघा, नसेल तर डब्यावर किती डोस लिहिलेत (बऱ्याचदा 200) आणि रोज किती घेता यावरून हिशोब करा. आणि जो रोजचा पंप आहे तो फटाके सुरू व्हायच्या आधीपासून नियमित हवा, तो लगेच आराम देणारा पंप नाही, त्याचा परिणाम दिवसांनी येतो. आमचे सासरे वर्षभर तो विसरतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे धाप लागली की शोधतात. लगेच आराम देणारा पंप वेगळा, तो खिशात, स्पेसर (पंपाला लावायची नळी) बॅगेत.

आता तापाचं. दिवाळीच्या सुमारास पाऊस नुकताच गेलेला असतो आणि डेंग्यू जोरात असतो, म्हणून ताप आला की "थंडी बाधली" म्हणून कुठलीही अंगदुखीची गोळी देऊ नका. पॅरासिटॅमॉल तेवढीच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात (हृदयासाठी कोणाला ॲस्पिरिन रोजची चालू असेल तर ती स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). आणि डेंग्यूत ताप उतरतो ते दिवस जास्त जपायचे, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, तेव्हा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, एकदम गळून जाणं असं काही दिसलं तर रांगोळी तशीच सोडून हॉस्पिटल गाठायचं. बाहेरच्या लॅब पाडव्याला बहुतेक बंद असतात पण मोठ्या हॉस्पिटलच्या आतली लॅब सहसा चालू असते.

मोठ्यांना पॅरासिटॅमॉल 24 तासांत एकूण 4 ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे 500 च्या आठ, आणि लिव्हरचा त्रास असेल, वजन कमी असेल किंवा रोजचं पिणं असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटॅमॉल असतंच, लोक तापाची एक आणि सर्दीची एक घेतात आणि डोस डबल होतो.

लहान मुलांचा घोळ बाटलीत आहे. पॅरासिटॅमॉलचं एक सिरप 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅमचं येतं आणि एक 250 चं, रंग, खोका, बाटली जवळजवळ तशीच, आणि बाळांचे थेंब तर अजून कितीतरी घट्ट, 1 मिलीत 100. डोस वजनावर असतो, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे 12 किलोच्या पोराला 120 च्या सिरपचं 5 ते साडेसात मिली चालेल, पण तेच माप 250 च्या बाटलीतून दिलं तर दुपटीहून जास्त गेलं. मामाकडची बाटली आणि आपली बाटली यात हा फरक असू शकतो. दोन डोसात निदान 4 ते 6 तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. मी लेकाच्या डॉक्टरांकडून त्याच्या आताच्या वजनाप्रमाणे मिली लिहून घेते आणि ती चिठ्ठी बाटलीला रबर लावून गुंडाळते. चमच्याने नाही, मापाने किंवा सिरिंजने.

खोकल्याच्या सिरपबद्दल माझं मत आता ठाम झालंय. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला लहान मुलं दगावली, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, त्यानंतर केंद्राने परत सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आत सहसा नाहीत. आजी लोकांना हे पटत नाही, "मग खोकू द्यायचं का?" तर हो, थोडं खोकू दे, नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी, वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, चाटणसुद्धा नाही. आणि वाफ द्यायची म्हणून पोराला उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, सांडलं की भाजतं, त्यापेक्षा बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून दहा मिनिटं कडेवर घेऊन बसा.

गेल्या खेपेची अर्धी उरलेली अँटिबायोटिक पट्टी, जिच्यावर लाल रेघ असते, ती काढून "तेव्हा याने बरं वाटलेलं" म्हणत घेऊ नका. व्हायरल सर्दीत तिचा उपयोग शून्य.

डब्यात बाकी काय, तर थर्मामीटर (सेल तपासून), ओआरएसची चारपाच पाकिटं, पूर्ण पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात (मोठं पाकीट एक लिटरमध्ये), अर्धं अर्धं करून अंदाजाने नाही, आणि म्हाताऱ्यांसाठी ऑक्सिमीटर. नेलपॉलिश असेल तर त्याचा आकडा चुकतो आणि हात गार असतील तरी चुकतो, म्हणून आधी हात चोळून गरम करा. टूथपेस्ट भाजल्यावर लावायला नाही, दात घासायला ठेवा, भाजलं की वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी.

केली सगळी तयारी आणि तरी रात्री लागलंच काही, तर फिरत बसू नका. मोठ्या खाजगी हॉस्पिटलच्या आवारातलं मेडिकल सहसा रात्रभर चालू असतं. सरकारी दवाखान्याची ओपीडी सुट्टीला बंद असते पण सिव्हिल, उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालयाचा तातडीचा विभाग चालू असतो, गावी पोचल्या दिवशीच जवळचा कुठला आणि वाट कशी ते बघून ठेवा. दहा मिनिटांत औषध आणणारं ॲप वाईच्या पुढे चालत नाही, आम्ही ट्राय केलंय. 108 फुकट आहे, तो नंबर घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही पाठ हवा.

कधी थांबायचंच नाही ते सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर ताप. मूल भराभरा श्वास घेतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पीत नाही, सहाआठ तास शू नाही. धाप लागून मोठ्या माणसाला एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही. आणि छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, याला आमच्याकडे पहिला शब्द "फराळ बाधला" हाच येतो, दोन चमचे सोडा पाजतात आणि झोपवतात. पहाटेच्या गारठ्यात, वयस्कर माणसाला, शुगरवाल्याला असं झालं तर सोडा नाही, 108.

यंदा मोजणी झाली, सासूबाईंच्या गोळ्या चाळीस निघाल्या, पण त्यात अठरा जुन्या डोसच्या. त्यांचा डोस जूनमध्येच बदललेला.