लाकडी चष्म्याची फ्रेम: सगळी भिस्त थरांवर

मापं जुन्या चष्म्यावरून घ्या. दांडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे असतात: भिंगाची रुंदी, नाकावरचं अंतर, दांडीची लांबी, सगळं मि.मी.मध्ये. बुबुळांमधलं अंतर चष्मेवाल्याकडून लिहून आणा. हत्यारं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतील, साग-शिसवीचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे, प्लायवुडवाल्याकडे.

‘सागाची जाड फळी घ्या आणि फ्रेम कापा’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. लाकूड रेषांच्या दिशेने मजबूत असतं, आडव्या बाजूने चटकन मोडतं. फळीच्या रेषा आडव्या धरल्या तर भिंगाच्या बाजूच्या उभ्या कडा तुटतात, उभ्या धरल्या तर नाकावरचा पूलच जातो. म्हणून थर हवेत. ०.६ मि.मी. व्हिनियरचे ७ थर घ्या, एकाच्या रेषा आडव्या, पुढच्याच्या उभ्या. संख्या विषमच ठेवा. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना ताण सारखा नसेल तर फ्रेम पिळवटते.

मला सगळ्यात जास्त दमवलं ते हे थर चिकटवण्याने, आणि त्याला कारण मुंबईची हवा. जुलैत व्हिनियर दमट हवेतलं पाणी पितं. तसंच चिकटवलं तर थंडीत आकसतं आणि थर कडेने सुटायला लागतात. प्रत्येक तुकडा दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून मंद इस्त्रीने सुकवा, गार झाला की लगेच चिकटवा. रात्रभर उघडा ठेवलात तर सुकवणं फुकट गेलं.

सुताराचा पांढरा गोंद इथे चालत नाही. त्यातल्या पाण्याने थर पुन्हा फुगतात, आणि गोलाईसाठी वाकवलेला थर सततच्या ताणाखाली त्यात हळूहळू सरकतो. सावकाश सुकणारं इपॉक्सीच (दोन भाग मिसळून वापरायचा, पाणी नसलेला गोंद) घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारं तर मुळीच नको. शेवटच्या थराला लावेपर्यंत पहिल्यावरचं आळून गेलेलं असतं.

गोलाईसाठी लाकडाचा दुहेरी साचा करा. फुगीर भागाची त्रिज्या १३० मि.मी. ठेवलीत तर खोलगट भागाची १३४ हवी, कारण मधे थरांची जाडी बसते. हा फरक बहुतेक जण विसरतात आणि मग कडेला फटी राहतात. साच्याला पॅकिंगची टेप लावा, नाहीतर फ्रेम साच्यालाच चिकटेल. क्लॅम्प मधून कडांकडे आवळत जा, पण करकचून नको. सगळं इपॉक्सी पिळून निघालं तर सांधा कोरडा राहतो. २४ तास हात लावू नका.

पुढे बारीक करवत, कानस, पॉलिश पेपर. शिसवीची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, मास्क लावाच. भिंग बसायला आतून व्ही आकाराची खाच रोटरी टूलने (गरगर फिरणाऱ्या टोकाचं हातातलं यंत्र) पाडा, बिजागऱ्या बसवा, घाम लाकडात मुरू नये म्हणून मॅट पॉलीयुरेथेन व्हार्निशचे पातळ हात खाचेतही द्या.

प्लास्टिकची फ्रेम गरम करून ताणता येते, लाकडाची नाही. म्हणून बिजागरीपाशी कड चिरून तिथे स्क्रू द्या. तो ढिला केला की भिंग आत जातं. चष्मेवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: फ्रेम हीटरवर धरायची नाही, आणि भिंग खाचेच्या नेमक्या मापाला घासायचं, कणभरही मोठं नाही.