तळपायाच्या दुखण्यावर मला लागू पडलेले इनसोल

कापूस वेचणीत दिवसभर वावरात उभं राहून माझ्या तळपायाची कमान ठणकायची. सकाळी खाटेवरून उतरल्यावर पहिलं पाऊल तर टेकवत नसे. टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा जातो. तो रात्रभर आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

ओला पाय फरशीवर ठेवून पाहिला. अख्खा तळवा उमटला, मधली खाच नाहीच. म्हणजे कमान बसलेली. मग यवतमाळहून कमानीला उठाव असलेले इनसोल, म्हणजे बुटात तळव्याखाली घालायच्या गाद्या, आणले. घेताना अंगठ्याने दाबून पाहा. नुसता मऊ स्पंज लगेच दबतो, कमानीखाली घट्टपणा हवाच. बुटातला जुना इनसोल काढूनच नवा घाला, नाहीतर टाच वर येते आणि बूट आवळतो. सुरुवातीला तास-दोन तास, मग हळूहळू वाढवा. सपाट स्लिपरमध्ये हा आधार मिळत नाही, म्हणून मी वावरातही बूटच घालते.

सोबत भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम चालू ठेवला, कारण पोटरी आखडली की तळव्यावर ताण येतोच. आता सकाळी उठून सरळ चालते.

मधुमेह असेल किंवा पाय बधिर असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना पाय दाखवा. इनसोल घासून झालेली जखम अशा पायाला कळत नाही.