तात्पर्य विचारू नका

दुसरीच्या वर्गावर माझं पहिलंच वर्ष. भाषेच्या तासाला चिमणी-कावळ्याची गोष्ट घेतली. शेणाचं घर पावसात वाहून गेलेलं, कावळा दारात भिजतोय आणि चिऊताई आत बाळाला तीट लावतेय. परिपाठातल्या बोधकथेसारखं शेवटी विचारलं, "तात्पर्य काय?" अख्खा वर्ग एका सुरात, "अडलेल्याला मदत करावी!" मी खूश. पाठाच्या टाचणात 'उद्दिष्ट साध्य' लिहूनही टाकलं.

मधल्या सुट्टीत त्याच पोरांनी खिचडीच्या पंगतीतून एकाला उठवलं. त्याचे आईबाप ऊसतोडीला आलेले, राहायला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. त्याला नाव पडलं होतं 'शेणाचं घर'. माझ्याच गोष्टीतून.

नव्यानं लागलेल्यांनो, तात्पर्य विचारलं की पोरं गोष्टीतून उठतात आणि बाईंना काय हवंय ते हुडकायला लागतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना ते फार चटकन सापडतं. "कावळ्याला कसं वाटलं असेल?" हाही त्याच माळेतला प्रश्न, उत्तर ठरलेलं: "वाईट." मी वर्षभर तेच 'वाईट' गोळा करत बसले आणि पोरं समजूतदार झाली असं मानत राहिले.

आता गोष्ट दारातच थांबवते. बाहेर कावळा काय करत असेल? पंख झटकत असेल. आतल्या भाताचा वास येत असेल. आणि चिमणी दार का उघडत नाही? एक मुलगी म्हणाली, "ती एकटीच असंल घरात. भ्या वाटत असंल." चिमणीची ही बाजू मला कधी सुचलीच नव्हती. कधी वर्गाचं दार खरंच लावून घेते, दोघं बाहेर, बाकीचे आत, मग अदलाबदल. गलका होतो. नेमके तेव्हाच शाळा तपासणारे केंद्रप्रमुख येतात. येऊ देत, नोकरी जात नाही.

मोबाईलवर गोष्ट लावून देऊ नका, कावळा धड भिजायच्या आत पुढचं चित्र येतं. 'तात्पर्य फळ्यावर लिहा' सांगणारे जुने लोक भेटतील; त्यांना चहा पाजा, लिहू नका. आणि गोष्ट वर्गातल्या एखाद्याच्या घराशी जुळत असेल तर त्याच्याकडे बघत सांगू नका, अगदी मायेनंसुद्धा. महिना-दोन महिने काहीच फरक दिसणार नाही, त्यानं खचू नका. मलाही दिसला नव्हता.

तो मुलगा हंगाम संपल्यावर गावी गेला. तोवर पंगतीत रोज त्याच्याशेजारी मीच बसत होते.