पावसाळ्यात सातेरीच्या पेटीला साखरेचा पाक

नवख्याची सातेरी, म्हणजे पेटीत पाळायची देशी मधमाशी, पावसाळ्यात पेटी सोडून जाते, ती बहुतेक उपासमारीने. पेटीतल्या चौकटींत, जिथे माश्या पोळी बांधतात, मध दिसेनासा झाला की पाक द्या: जेवढी साखर तेवढंच पाणी. पाणी उकळून उतरवा, साखर विरघळवा, पूर्ण गार करा. गूळ नको, माश्यांना हगवण लागते. वाटीभर पाक चौकटींवर ठेवून त्यात गवताच्या काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. वेळ संध्याकाळचीच, आणि सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी. भर दुपारी थोडा जरी बाहेर सांडला तरी दुसऱ्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घ्या, मेणपतंग (पोळ्याचं मेण खाणारी कीड) तिथेच अंडी घालतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेतच. मुंग्यांना पाकाचा वास लगेच लागतो.