बाबा म्हणजे बाबाच? शब्दांची नाती जुळवताना या चुका टाळा

फॉरवर्ड मेसेज फिरत असतात ना, की बघा तुर्कीत बाबा, चिनीत बाबा, स्वाहिलीत पण बाबा आणि सगळीकडे अर्थ वडीलच, म्हणजे या सगळ्या भाषा एकाच भाषेतून निघाल्या. वाचायला भारी वाटतं पण तसं नाहीये. तुर्की, चिनी आणि स्वाहिली या तीन वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या भाषा आहेत.

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक हीच, आवाज जुळला अर्थ जुळला की नातं पक्कं धरायचं. त्यात बाबा, मामा, पापा असले शब्द तर पुरावा म्हणून घेऊच नका. ओठ मिटायचे, उघडायचे आणि ‘आ’ करायचं, बाळाला एवढंच आधी जमतं, ते आपलं बाबाबा करत असतं आणि आजूबाजूची मोठी माणसं ठरवून टाकतात की हाक मलाच मारली. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1960 च्या सुमारास हे नीट मांडलं. म्हणून हा शब्द जागोजागी नव्याने तयार होतो, आणि तो कुणाच्या वाट्याला जाईल याचा काही नेम नाही. रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई किंवा आजी, जपानीत म्हातारी (आणि तेही जरा उद्धटपणे), हंगेरियनमध्ये चक्क बाळ किंवा बाहुली. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई!

दुसरी चूक आपल्या लिपीमुळे होते. देवनागरीत सगळं ‘बाबा’ असंच लिहिलं जातं, पण मुळात ते उच्चार एक नसतात. चिनीत पहिला बा वरून खाली पडणाऱ्या सुरात म्हणायचा आणि दुसरा हलका सोडून द्यायचा. हंगेरियनची गंमत तर अजून वेगळी, बाळ या अर्थाचा शब्द आपल्या कानाला आखूड ‘बॉबॉ’सारखा ऐकू येतो, आणि पहिला स्वर लांबवून ‘आ’ केला की तो दुसराच शब्द होतो, त्याचा अर्थ सुईण, आणि तो तर रशियनसारख्या स्लाव्हिक भाषांकडून उसना घेतलेला आहे. म्हणजे एकाच भाषेतले दोन जवळपास सारखे दिसणारे शब्द, पण एक इथला नि एक तिथला.

शब्द तोडून न बघणं हीसुद्धा चूकच. तोक्योत ताकादानोबाबा नावाचं स्टेशन आहे, त्यातल्या बाबाचा ना वडिलांशी संबंध ना म्हातारीशी. पहिला ‘बा’ म्हणजे घोडा, हा चिनीतून आलेला उच्चार, आणि दुसरा ‘बा’ म्हणजे जागा, तो अस्सल जपानी. घोडे फिरवायचं मैदान, बस!

मग करायचं काय, तर शब्दाचं जुनं रूप शोधा. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ दोन्हींचा अर्थ वाईट, पण फारसी शब्द मागे नेला तर ‘वद’ असा होतो, म्हणजे जुळणी आत्ताच्या रूपापुरतीच. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणायचे, कुणालाही वाटेल इंग्रजांकडून घेतला असेल, पण तो निघाला ‘गुडागा’ या जुन्या रूपातून, शेजारच्या यिडिन्य भाषेत अजून गुडागाच आहे.

आता याच्या उलट टोकाला पण जाऊ नका, की सगळा योगायोगच. तुर्की, फारसी आणि आपल्या भाषांचा शतकानुशतकं संबंध आलाय, तिथे बाबा इकडून तिकडे गेला असणं अगदी साहजिक आहे. आणि खरे नातेवाईक कित्येकदा ओळखूच येत नाहीत, चक्र आणि इंग्रजी ‘व्हील’ एकाच मुळाचे आहेत, बघून वाटतं का?

आणि ‘बाबा’सारख्या शब्दाचा ट्रान्सलेशन ॲप विचित्र अर्थ देत असेल तर आधी ‘भाषा आपोआप ओळखा’ हे बंद करा, एवढ्याशा शब्दावरून त्याला काय कळणार. भाषा स्वतः निवडा, एकटा शब्द न टाकता पूर्ण वाक्य टाका, शक्य असेल तर मूळ लिपीत टाका, आणि अक्षरांवरच्या रेघा, टिंबं कंटाळा करून गाळू नका, नाहीतर हंगेरियन सुईणीचं बाळ होऊन बसतं.