परदेशी अकादमीविरुद्धचा सामना: माझ्या वहीतली पानं

आमची चौदा वर्षांखालची फुटबॉलची मुलं परदेशी अकादमीच्या संघाशी पहिल्यांदा खेळली तेव्हा मी सहायक कोच होतो. टचलाइनवर बसून टिपणं घ्यायची, एवढंच काम. आम्ही ०-६ हरलो. मैदानातून बाहेर पडताना जो तो एकच म्हणत होता, ‘समोरची पोरं अंगानं केवढी थोराड होती!’ माझी वही मात्र वेगळं सांगत होती. सहापैकी एकच गोल उंचीच्या जोरावर, हेडरवर झाला होता. बाकी पाचही वेळा चेंडू आधी आमच्याच पायातून गेला होता.

आमच्या मधल्या फळीत एक फार गुणी मुलगा होता. चेंडू आला की तळव्याखाली थांबवायचा, मान वर करायची आणि मग पास शोधायचा, ही त्याची पद्धत. नेहमीच्या लीगमध्ये त्याला तेवढी उसंत मिळत असे. त्या दिवशी मान वर होईपर्यंत समोरचा खेळाडू अंगावर आलेला असायचा. पहिल्या वीस मिनिटांत त्याने नऊ वेळा चेंडू गमावला. हाफटाइमला तो कोणाकडे बघेना, बुटाची नाडी सोडून पुन्हा पुन्हा बांधत राहिला. दुसऱ्या अर्धात मी समोरच्या संघात त्याच्याच जागी खेळणाऱ्या मुलावर नजर ठेवली. पायात कसब म्हणाल तर आमच्या मुलाइतकंच. पण चेंडू त्याच्या दिशेने निघाला की आधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, मग उजव्या, आणि मगच चेंडूकडे. चेंडू पायाशी पोचायच्या आत पुढचा पास ठरलेला असायचा. गेइर योर्डेट या नॉर्वेच्या संशोधकाने खेळाडूंच्या या मान वळवून बघण्याचाच वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. मला मात्र त्याचं महत्त्व त्या हरलेल्या सामन्यात कळलं.

परतल्यावर तीन महिने आम्ही एकाच गोष्टीच्या मागे लागलो. पास घेणाऱ्याच्या पाठीमागे एक जण उभा राहून रंगीत बिब (सरावात जर्सीवर घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) उंच धरायचा आणि चेंडू पायाला लागण्याआधी त्या मुलाने रंग ओरडून सांगायचा. जोडीला लहान चौकोनात चार विरुद्ध चार, दोनच टच, म्हणजे चेंडूला दोनदाच पाय लावायचा. पहिले दोन आठवडे रंग चुकायचे, नाहीतर चेंडू पायाखालून निसटायचा. तरी सोडलं नाही. पुढच्या परदेशी संघाविरुद्ध आम्ही १-२ हरलो. त्याच मुलाने पहिल्या वीस मिनिटांत तीनदाच चेंडू गमावला. एकदा तर त्याने चेंडूला पायच लावला नाही, अंगावरून जाऊ दिला आणि वळून मोकळ्या जागेत निघाला. त्या मिनिटाभोवती मी वहीत वर्तुळ काढून ठेवलं आहे.

म्हणून नव्या कोचना माझं पहिलं सांगणं प्रतिस्पर्धी निवडण्याबद्दल असतं. क्लबच्या नावावर भुलू नका. तो संघ कोणत्या पातळीवर खेळतो, कोणत्या वयाची मुलं आणणार आहे, हे आधी विचारा. मोठ्या पराभवात मुलं फक्त चेंडूमागे धावतात, १-२ मध्ये खेळतात. शक्य असेल तर त्याच संघाशी दोन सामने ठेवा, मध्ये एक दिवस विश्रांतीचा. पहिल्या सामन्यात मुलं बावरतात, दुसऱ्यात शिकतात.

संघ निवडताना आणखी एक मोह आवरावा लागतो. या वयात काही मुलांची वाढ वर्ष-दोन वर्षं आधी होते आणि जिंकायचं म्हटलं की नेमकी तीच मुलं संघात येतात. इंग्लंडमधल्या अकादमींनी यावर उपाय म्हणून जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले आहेत. वय लपवण्याचा तर विचारही नको. १७ वर्षांखालच्या विश्वचषकात फिफा २००९ पासून मनगटाचं एमआरआय करून वय तपासते.

त्याच १७ वर्षांखालच्या विश्वचषकातला ९ ऑक्टोबर २०१७ चा भारत-कोलंबिया सामना मी प्रत्येक नव्या तुकडीला दाखवतो. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅकसन सिंगने हेडर मारून भारताचा विश्वचषकातला पहिला गोल केला, १-१ झालं, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा गोल केला. गोल झाल्यावरचा तो एक मिनिट सरावात शिकवता येत नाही, तो अशा सामन्यांतूनच अंगात मुरतो. त्या संघातली बरीच मुलं नंतर इंडियन ॲरोज या भारतीय महासंघाच्या तरुण खेळाडूंच्या संघाकडून आय-लीग या देशातल्या व्यावसायिक स्पर्धेत मोठ्या खेळाडूंशी भिडली. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालच्या संघाने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं, तेही दहा जणांनिशी, तेव्हा त्यांतले कितीतरी जण मैदानात होते. मी तो निकाल वाचून खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

पालकांशी निघण्याआधीच स्पष्ट बोला. परदेशी कोचने मुलाची पाठ थोपटली की घरी स्वप्नं रंगू लागतात, आणि त्यावरच पैसे उकळणारी माणसंही भेटतात. फिफाच्या नियमावलीतल्या कलम १९ नुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूचं दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही, अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, तर तो त्यातला एक. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला परदेशी क्लबात ‘साइन’ करून देतो म्हणणाऱ्याला हे कलम दाखवायला सांगा.

सामना संपल्यावर त्याच संध्याकाळी चुका काढू नका, मुलं थकलेली असतात आणि ऐकतही नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला त्याच्या तीनच क्लिप दाखवा: दोन चुकलेल्या, एक जमलेली. व्हिडिओ चेंडू यायच्या तीन सेकंद आधी थांबवा आणि विचारा, ‘आत्ता तुझ्या मागे कोण आहे?’ त्या मधल्या फळीतल्या मुलाला मी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘सर, मी बघितलंच नव्हतं.’ आमच्या सरावाची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.