पश्चात्ताप होतोय? मग या चुका टाळा

समुपदेशनाच्या कामात समोर येणारी माणसं वेगळी असतात, चुका मात्र त्याच त्या. पश्चात्तापाचं दुखणं चटकन संपवायची घाई ही त्यातली सगळ्यात मोठी.

मन हलकं करायला माफी मागणं. ही चूक मीही केली आहे. मैत्रिणीची आई आजारी होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी गेलेच नाही आणि त्या गेल्या. दोन महिन्यांनी, रात्री एक वाजता, झोप येईना म्हणून मी तिला लांबलचक मेसेज पाठवला आणि शांत झोपले. सकाळी तिचं उत्तर होतं: "असू दे गं, तू त्रास करून घेऊ नकोस." आई तिची गेली होती आणि समजूत ती माझी काढत होती! मेसेज पुन्हा वाचला. मला झोप नाही, मला अपराधी वाटतं, मला माफ कर. तिच्या आईबद्दल जेमतेम एक ओळ.

पुढे काही आठवड्यांनी फोन केला आणि एवढंच म्हटलं, "त्या दिवसांत तू एकटी धावपळ करत होतीस आणि मी आले नाही. चुकलं माझं." ती तासभर आईबद्दल बोलत राहिली, मी ऐकत राहिले. तेव्हापासून माफी आधी कागदावर लिहिते, तीन दिवस तशीच ठेवते आणि मग प्रत्येक 'मला'खाली रेघ मारते. रेघा फार झाल्या तर कागद फाडून पुन्हा लिहिते. समोरच्याने माफ केलंच पाहिजे, ही अटही मनातून काढावी लागते.

आजच्या अकलेने कालच्या स्वतःला झोडपणं. "मला तेव्हाच कळायला हवं होतं," हे वाक्य मी रोज ऐकते. निकाल कळला की तो आधीपासून दिसतच होता असं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगांतून दाखवलं. मी कागदाचे दोन भाग करायला लावते: तेव्हा काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं. यातून प्रत्येक जण निर्दोष सुटत नाही. माहीत असून कानाडोळा केला, असंही पहिल्या भागात सापडतं. तेवढी चूक खरोखर आपली. सुधारायची ती, बाकीचं ओझं खाली ठेवायचं.

चुटपुटीला पश्चात्ताप समजणं. काहनेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये लोकांना विचारलं होतं: एकाचं विमान पाच मिनिटांनी चुकलं, दुसऱ्याचं अर्ध्या तासाने, जास्त वाईट कुणाला वाटेल? बहुतेकांनी पहिल्याचं नाव घेतलं. नुकसान दोघांचं सारखंच! थोडक्यात हुकलं म्हणून लागलेली चुटपुट काही दिवसांत ओसरते, तिच्यासाठी स्वतःची उलटतपासणी नको.

"मला कशाचाच पश्चात्ताप नाही" म्हणणं. मला हे पटत नाही. कुणाला दुखावलं असेल, तर ते बोचायलाच हवं.

तीच गोष्ट दहा जणांना सांगणं. एकालाच सांगा, नीट सांगा.

भरपाई म्हणून भलामोठा निर्णय घेणं. मन खवळलेलं असताना नोकरी सोडू नका, नातं तोडू नका.

आणि झोप, भूक, रोजची कामं दोन आठवडे विस्कटलेली राहिली, किंवा जगूच नये असं वाटू लागलं, तर कागद-पेन बाजूला ठेवा. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी, आणि सोबत कुणाला तरी घेऊन.